अडकलेला गडू आणि दोघांची सायकल

आमच्या मिरजेच्या घरात मागच्या पडवीत एक लांबच लांब सायकल उभी असायची. मी २००४ मध्ये लग्न होऊन आले तेव्हापासून तिच्यावर काही ना काही वाळत घातलेलंच बघितलंय. पुढच्या हँडलवर पायपुसणी, मधल्या दांडीवर लेकीची दुपटी, मागच्या हँडलवर लसणाच्या जुड्या. सीट दोन, हँडल दोन, पायडलच्या जोड्या दोन, चाकं मात्र दोनच. नवीन पाहुणा आला की हमखास विचारायचा, ‘ही कसली हो सायकल?’ मग आप्पा, म्हणजे माझे सासरे, मोठ्या हौसेनं सांगायला बसायचे.

इंग्रजीत तिला टँडेम म्हणतात. पुढचा माणूस हँडल वळवतो, ब्रेक दाबतो. मागचा नुसता पायडल मारतो. त्याचं हँडल वळतच नाही, ते फक्त धरायला. १९६८ मध्ये एक इंग्रज जोडपं मायदेशी परत निघालं होतं, त्यांच्या सामानाच्या विक्रीत आप्पांनी ती २२५ रुपयांना घेतली. तेव्हा आप्पा शाळेत नुकतेच शास्त्र शिकवायला लागलेले, आणि घरात महिनाभरापूर्वी आलेली नवी नवरी. सगळा पगार सायकलीत घातला म्हणून आजेसासूबाई आठवडाभर बोलल्या नव्हत्या म्हणे! पण सासूबाई मागच्या सीटवर नऊवारीचा काष्टा घट्ट मारून बसल्या आणि दोघं कृष्णाघाटापर्यंत जाऊन आली. अख्खी गल्ली दारात उभी राहिली होती.

पुढं १९९७ मध्ये सासूबाईंचे गुडघे गेले आणि सायकल पडवीत गेली. २०१९ मध्ये सासूबाईही गेल्या.

आणि त्याच सुमारास आप्पांचे डोळे.

इथं जरा थांबून सांगते, कारण आमच्याकडून चूक झाली ती तुमच्याकडून व्हायला नको. आप्पा दाराच्या चौकटीला आपटायचे, ताटाच्या कडेची चटणी त्यांना दिसायची नाही, जिन्यात पायरी चुकायची. आम्ही म्हणायचो, वय झालं, मोतीबिंदू असेल, पिकला की काढू. तो काचबिंदू निघाला. मोतीबिंदू काढला की बहुतेकांना पुन्हा दिसतं. काचबिंदूत डोळ्यामागची नस खराब होते आणि तिच्यामुळे गेलेली नजर कुठल्याही ऑपरेशननं परत येत नाही. बहुतेकदा दुखत नाही, खुपत नाही, बाजूबाजूनं नजर आवळत येते आणि समोरचं दिसत असतं म्हणून माणसाला पत्ताच लागत नाही. वेळेवर कळलं तर औषधाच्या थेंबांनी उरलेली नजर सांभाळता येते. रक्ताच्या नात्यात कुणाला असेल तर बाकीच्यांना धोका जास्त, म्हणून आता माझे मिस्टर दरवर्षी तपासून घेतात. चाळिशी झाली की चष्म्याच्या नंबराबरोबर डोळ्यातला दाब आणि आतली नस बघायला सांगा, एवढंच.

असो. तर आप्पांना आता उजेड आणि सावली तेवढी कळते. ज्या माणसानं सगळी हयात सायकलवर काढली तो खिडकीशी खुर्ची टाकून बसून राहिला. फिरायला नेते म्हटलं तर नको म्हणायचे. ‘कुणाच्या तरी हाताला धरून चालायचं, ते काय फिरणं झालं?’ जेवण कमी झालं, बोलणं त्याहून कमी. रेडिओसुद्धा लावेनात. मला भीती वाटायला लागली होती, खरंच.

लेक नववीत होती तेव्हा. २०२३ च्या दिवाळीच्या सुटीत तिनं कुठंतरी वाचलं की अंध माणसं टँडेम चालवतात. पुढं डोळस, मागं अंध. पॅरालिंपिकमध्ये अशा शर्यती असतात. आपल्या पुण्याचे दिव्यांशू गणात्रा, त्यांची दृष्टी ऐन तारुण्यात काचबिंदूनंच गेली, ते २०१६ मध्ये मनालीहून थेट खारदुंग ला या खिंडीपर्यंत टँडेमवरून गेले होते. लेकीनं हे सगळं आजोबांना वाचून दाखवलं. आप्पा गप्प. थोड्या वेळानं म्हणाले, ‘आपल्या सायकलला हवा भरली तर टिकंल का गं?’

मी भाजी निवडत होते. हातातली मेथी तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी लसूण, पायपुसणी सगळं उतरवून सायकल अंगणात आणली. ट्यूब-टायर गेलेलेच होते. ब्रेकची रबरं दगड झालेली. पण ही किरकोळ कामं. खरं दुखणं निघालं वेगळंच.

या सायकलला दोन चेन असतात. उजव्या बाजूची आपल्या नेहमीसारखी, मागच्या पायडलपासून मागच्या चाकापर्यंत. डाव्या बाजूला आणखी एक लांब चेन, ती पुढच्या पायडलला मागच्या पायडलशी जोडते. म्हणून दोघांचे पाय एकदमच फिरतात. एकानं थांबायचं आणि दुसऱ्यानं मारायचं असं चालतच नाही. आता ही लांब चेन वापरून वापरून सैल पडते. आपल्या साध्या सायकलची चेन सैल झाली की मिस्त्री मागचं चाक थोडं मागं ओढतो, झालं काम. इथं दोन पायडलच्या मधलं अंतर कसं वाढवणार? दोन्ही तर फ्रेममध्येच बसवलेले.

त्यावर त्या जुन्या कारागिरांनी एक युक्ती काढली आहे. पुढच्या पायडलचा एक्सल जिथून जातो तिथला फ्रेमचा पाइप मुद्दाम मोठा ठेवायचा आणि त्यात एक जाडजूड लोखंडी बुश बसवायचं. एक्सलचं भोक त्या बुशाच्या मधोमध नसतं, एका कडेला असतं. ताटात वाटी मधोमध न ठेवता कडेला ठेवा आणि ताट जागच्या जागी फिरवा. वाटी कधी तुमच्याजवळ येईल, कधी लांब जाईल. तसंच ते. बुश फिरवलं की एक्सल पुढं सरकतो आणि चेन ताठ होते. मग खालचे दोन बोल्ट आवळले की बुश तिथंच पक्कं. किती साधं! इंग्रजीत त्याला एक्सेंट्रिक म्हणतात. लेकीला ते बघून देवघरातल्या गडूची आठवण झाली, म्हणून आमच्या घरात त्याचं नाव गडूच पडलं.

तर हा गडू अडकला होता. चांगला पंचवीस वर्षं अडकला होता. आणि चेन इतकी सैल की हातानं दाबली तर तीन बोटं खाली जात होती. अशी चेन चढावर दाताऱ्यांवरून उडाली तर पुढच्याचे पाय एकीकडे, मागच्याचे दुसरीकडे. मागच्याला दिसत नाही. अशा माणसाला मागं बसवून मी त्या सायकलवर पाय ठेवणार नव्हते.

मिस्टरांनी एका वाक्यात निकाल लावला, ‘भंगारात दे, मी आप्पांना नवा रेडिओ आणतो.’ चांगल्या मनानंच म्हणाले, पण आप्पा उठून आत गेले.

मग आमच्या चौकातले चाचा. चाळीस-पंचेचाळीस वर्षं सायकलीच करतायत. कॉटर पिना कितीही गंजलेल्या असोत, चाचा खाली लोखंडी नळीचा आधार देऊन एका ठोक्यात काढतात. या सायकलच्याही चारही कॉटर पिना त्यांनी बसल्या बैठकीला काढल्या. क्रँक उतरले, एक्सल आला, वाट्या आल्या, काळ्या ग्रीसमधले छर्रे लेकीनं मोजून वाटीत ठेवले. आता राहिला नुसता पोकळ गडू. त्याच्या तोंडावर दोन बारीक भोकं होती, फिरवायचं हत्यार अडकवायला. ते हत्यार कुठून मिळणार? चाचांनी एका लोखंडी पट्टीला दोन बोल्ट ठोकून घरचं हत्यार बनवलं, भोकांत अडकवलं आणि जोर लावला.

पट्टीचा एक बोल्ट तुटला. गडू ढिम्म.

चाचांनी छिन्नी उचलली. गडूच्या कडेला छिन्नी लावून हातोड्यानं मारत फिरवायचा. आप्पा आतून ओरडले, ‘छिन्नी नको!’ त्यांना दिसत नाही, पण छिन्नीचा आवाज बरोबर ओळखला. छिन्नीनं कड फुटली तर पुन्हा धरायला जागाच उरली नसती. मग वेल्डिंगवाल्याला विचारलं, तो म्हणाला गॅसचा बंबा लावून लाल करतो. त्यालाही आप्पांनी हात जोडले. या जुन्या इंग्लिश फ्रेमचे पाइप पातळ असतात आणि सांधे पितळेनं जोडलेले. जास्त उष्णता लागली तर सांधाच दुबळा व्हायचा. चाचांचंही शेवटी तेच मत पडलं. ‘भाभी, जबरदस्ती केली तर फ्रेम जाईल. हे हळूहळूचं काम आहे, माझ्या दुकानात होणार नाही. तुमच्या घरात होईल.’

असा तो गडू माझ्या अंगणात, माझ्या गळ्यात पडला.

अडकतो का, ते आप्पांनी मला समजावलं. कितीतरी दिवसांनी त्यांनी मला काहीतरी शिकवलं. सीटच्या नळीतून पावसाचं, धुण्याचं पाणी झिरपतं आणि थेट या गडूच्या डोक्यावर साठतं. लोखंडाला लोखंड चिकटून, मध्ये कागदाएवढी फट. त्यात गंज धरतो. आणि गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. म्हणजे त्या एवढ्याशा फटीत तो फुगतो आणि आतून पाचर मारल्यासारखा बसतो. ओढून, हिसकून तो निघत नाही. तेल आत मुरलं पाहिजे आणि गंजाची पकड कुठंतरी एकदा तुटली पाहिजे.

तेल म्हणजे काय, तर बाजारात गंज सोडवायचा फवारा मिळतो. हार्डवेअरच्या दुकानात गेले तर काउंटरवरचा मुलगा माझ्याकडे बघून म्हणाला, ‘ताई, मिस्टरांना पाठवा, त्यांना बरोबर माहीत असेल.’ मी म्हटलं, मिस्टरांना बुश माहीत नाही, तू फवारा दे. (घरी सांगितल्यावर मिस्टरसुद्धा हसले, हे त्यांच्या बाजूनं लिहिते.)

दोन्ही बोल्ट आधी पूर्ण काढून टाकले. ते राहिले असते तर फ्रेमची पकड सुटलीच नसती. मग सायकल एका कुशीवर आडवी घातली, गडूच्या कडेनं फवारा मारला आणि ठेवून दिली. सकाळी देवपूजा झाली की एकदा, रात्री भांडी आवरली की एकदा. चार दिवसांनी दुसऱ्या कुशीवर. मध्येच लाकडी दांडक्यानं गडूच्या तोंडावर हलके हलके ठोकायचं, म्हणजे त्या थरथरीनं तेल आत उतरतं. धुण्याचा जुना धोपाटणा होता, तो कामाला आला. शेजारच्या काकू कुंपणावरून बघायच्या. एकदा न राहवून म्हणाल्या, ‘अगं, रोज सायकलला बडवतेस होय?’

आप्पा आता खिडकीतून उठून पायरीवर येऊन बसायला लागले होते. मी ठोकायची, ते कान देऊन ऐकायचे. मिरजेत माणसाला कान असतोच म्हणा. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ जिथं राहिले ते गाव आमचं. सतारमेकरांच्या गल्लीत तंबोऱ्याची जवारी नुसत्या कानानं लावणारी माणसं आहेत. इथल्या सतारी आणि तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. आप्पांचे एक विद्यार्थी त्याच धंद्यातले. ते भेटायला आले आणि आमचा उद्योग बघून म्हणाले, ‘पावसाळ्यात खुंटी फुगून अडकली की आम्ही कधी एकाच बाजूला पिळत नाही सर. थोडी पुढं, थोडी मागं. हलायची तिची ती हलते.’ हे मी लक्षात ठेवलं.

दहा दिवस झाले. पट्टीला नवे, जाड बोल्ट लावून आणले होते. रोज एकदा प्रयत्न. ढिम्म म्हणजे ढिम्म. अकराव्या दिवशी मी चिडले, खोटं कशाला सांगू. स्वयंपाकघरात येऊन भांडी आदळायला लागले. आणि नेमके त्या दिवशी दोन स्टीलचे पेले एकात एक अडकले.

आता पेले अडकले तर आपण काय करतो? आतल्या पेल्यात गार पाणी ओततो आणि बाहेरचा गरम पाण्यात धरतो. आतला आक्रसतो, बाहेरचा फुगतो, सुटतात. आईनं शिकवलेलं, तिला तिच्या आईनं. हात सवयीनं ते करत होते आणि एकदम लक्षात आलं. गडू म्हणजे आतला पेला! फ्रेमचा पाइप म्हणजे बाहेरचा!

तशीच ओल्या हातानं बाहेर पळाले. ‘आप्पा, पेले!’ त्यांना आधी काही कळेना. मग सांगितलं तशी ते मोठ्यानं हसले. म्हणाले, ‘चौतीस वर्षं मी पोरांना प्रसरण शिकवलं. कडी आणि गोळ्याचा प्रयोग करून दाखवला. आणि मला सुचलं नाही.’

फ्रिजमधला बर्फ प्लास्टिकच्या पिशवीत भरून लेकीनं गडूच्या पोकळीत कोंबला. मी मोठ्या पातेल्यात पाणी उकळलं. जुन्या टॉवेलच्या पट्ट्या फ्रेमच्या पाइपाभोवती गुंडाळल्या आणि ओगराळ्यानं त्यावर उकळतं पाणी घालत राहिले. खाली रॉकेल किंवा फवाऱ्याचं डबकं असेल तर आधी पुसून घ्या, आणि आग जवळ आणू नका. आम्ही गॅस घरात आणि सायकल बाहेर ठेवली होती. दहा मिनिटं पाणी घातलं, मग धोपाटण्यानं ठोकलं, मग पट्टी लावून पुढं-मागं. काही नाही. पुन्हा सगळं पहिल्यापासून. दुसऱ्यांदाही काही नाही. बर्फ संपला, शेजारच्या काकूंकडून आणला. आता त्याही अंगणात आल्या होत्या, पदर खोचून.

तिसऱ्या वेळी मी ठोकत होते आणि आप्पा म्हणाले, ‘थांब. परत मार तिथं.’ मारलं. ‘आता खाली.’ मारलं. ‘आवाज बदलला. आत्तापर्यंत बद्द येत होता. आता वाजायला लागलाय. लाव पट्टी.’

मला काही फरक कळला नव्हता. पण पट्टी लावली, काकूंनी फ्रेम धरली, आणि मी पुढं ढकललं. कट्ट असा आवाज झाला. मला वाटलं, पुन्हा बोल्ट तुटला. बघते तर गडूच्या कडेवर मी खडूनं मारलेली रेघ फ्रेमवरच्या रेघेपासून तांदळाच्या दाण्याएवढी सरकली होती.

तो दाणाभर फरक आप्पांनी बोट फिरवून बघितला. पुन्हा पुन्हा बघितला.

मोह झाला होता एकदम जोर लावून फिरवून टाकायचा. पण खुंटीवाल्यांचं ऐकलं. दाणाभर पुढं, दाणाभर मागं, तेल, पुन्हा पुढं. संध्याकाळपर्यंत अर्धा फेरा. दुसऱ्या दिवशी चाचा आले आणि गडू बाहेर काढला. त्याच्या अंगावर तपकिरी राळ बसली होती, बाजरीच्या पिठाच्या पेजेसारखी. पॉलिश पेपरनं घासून, रॉकेलनं धुऊन, आत-बाहेर भरपूर ग्रीस चोपडून तो परत बसवला. चाचांनी तो एका बोटानं फिरवून दाखवला तेव्हा काकूंनी टाळ्या वाजवल्या.

डाव्या बाजूची चेन नवी टाकली. आमच्या सायकलला साधी काळ्या सायकलची चेन चालते, फक्त दोन जोडून लांब करावी लागते. गडू फिरवून ती इतकी ताठ केली की मधोमध दाबल्यावर बोटाच्या जाडीएवढीच हलावी. अगदी तारेसारखी ताणायचीही नाही, मग पायडल जड होतात आणि छर्रे खातात. दातेरी चाक कधीच अगदी गोल नसतं, म्हणून पायडल पूर्ण फिरवून चार ठिकाणी बघायचं. एक धोक्याची सूचना. चेन बघताना कुणी पायडल फिरवत असेल तर बोटं लांब ठेवा. एका चेनला दोन दोन दातेरी चाकं असतात आणि ती विचारत नाहीत. ब्रेकची रबरं, टायर-ट्यूब नवीन. दोन माणसांचं वजन थांबवायचं म्हटल्यावर तिथं काटकसर नाही.

आता प्रश्न असा की पुढं बसणार कोण? मिस्टर सकाळी सातला सांगलीला नोकरीवर जातात. लेकीची अजून उंची पुरेना. राहिले मी. मी सायकल शिकले ती माहेरी, तासावर भाड्यानं घेऊन, पन्नास पैसे तास. त्यातही अर्धा तास भावाचा. स्वतःची सायकल कधी मिळालीच नाही. लग्नानंतर वीस वर्षांत पायडलला पाय लावला नव्हता. आणि इथं पुढं सून, मागं सासरे! चौकातून जाताना लोक काय म्हणतील, हे मनात आलं नाही असं नाही. मी आप्पांनाच विचारलं. ते म्हणाले, ‘१९६८ ला माझ्या आईनं विचारलं होतं, लोक काय म्हणतील. लोकांनी काहीतरी म्हटलं असणारच. मला आता आठवत पण नाही.’

आठ दिवस मी पहाटे मैदानावर लेकीला मागं बसवून सराव केला. टँडेमला वळायला भरपूर जागा लागते, बैलगाडीसारखी. निघताना दोघांचा पाय एकदमच पडावा लागतो. आणि पुढच्यानं सारखं बोलत राहायचं असतं. खड्डा आला, सांगायचं. पाय थांबवायचे, सांगायचं. गतिरोधक, उतार, वळण, सगळं आधी सांगायचं, कारण मागच्याला डोळे असले तरी पुढच्याच्या पाठीपलीकडे काही दिसत नाही. ऑलिंपिकमध्येसुद्धा ही शर्यत १९०८ मध्ये आणि पुढं १९२० ते १९७२ अशी चालली, तीही फक्त पुरुषांची. आमच्या घरच्या शर्यतीत त्या मानानं प्रगती म्हणायची.

१५ जानेवारी २०२४, संक्रांत. सकाळी सहाला अजून अंधार होता. आप्पांनी स्वेटर, कानटोपी घातली आणि मागच्या सीटवर हात फिरवून बसले. त्या जागेवर ते आयुष्यात पहिल्यांदाच बसत होते. मागचं हँडल त्यांनी थोडा वेळ नुसतं धरून ठेवलं. मी पण घाई केली नाही.

मग म्हणाले, ‘हं. सांग.’

‘उजवा पाय वर आहे आप्पा. एक, दोन, तीन.’

सुरुवातीला सायकल जरा डगमगली. मग लागली. कोपऱ्यावर बेकरीचा वास आला आणि ते म्हणाले, ‘इथून डावीकडं.’ मी सांगायच्या आधी! दर्ग्याच्या बाजूला आलो तेव्हा फुलवाल्यांच्या टोपल्या उतरत होत्या, तेही त्यांना कळलं. कृष्णाघाटाच्या रस्त्याला लागल्यावर वारा बोचायला लागला. मी खड्डे सांगत होते, ते मला कुठल्या शेताचा मालक कोण होता ते सांगत होते. मध्ये एकदा ते पाय मारायचेच विसरले आणि सायकल एकदम जड झाली. ‘आप्पा, पाय!’ म्हणाले, ‘अगं, ती पण अशीच करायची. मी ओरडायचो.’

घाटावर पोचलो तेव्हा उजाडलं होतं. पाण्याचा आवाज येत होता. आप्पा पायरीवर बसले, मी पिशवीतून तिळगूळ काढला.

परत आल्यावर बघितलं तर नवी चेन थोडी सैल पडली होती. नव्या चेनचं पहिल्या काही दिवसांत तसं होतंच. चाचांनी दोन बोल्ट ढिले केले, गडू थोडासा फिरवला, आवळले. पाच मिनिटांचं काम. पैसे घ्यायला तयार होईनात. म्हणाले, ‘पैसे नको भाभी. एक रविवार सायकल द्या, घरच्यांना फिरवून आणतो.’

दिली की. पण त्यांच्या घरच्यांनी आधी माझ्याकडे निरोप पाठवून विचारलं, ‘पुढं बसायला किती दिवसांत शिकता येतं?’ सध्या त्या रोज पहाटे मैदानावर येतात.